घटस्फोट झाला, पण घराचं काय?

पत्रं मेलबर्नची असोत की पर्थची, घोळ एकच: मुदत सरत चाललेली आणि सल्ला ओळखीच्यांचा. म्हणून उत्तरं एकत्र देते.

स्टुडंट व्हिसावर मेलबर्नला येऊन आठ महिने झाले. भारतीय लायसन्सवर गाडी चालवू का?

नाही. व्हिक्टोरियात सहा महिन्यांची मुदत असते.

नोकरीवरून काढलं. मॅनेजर म्हणतो, महिनाभर थांबा, परत घेऊ.

थांबू नका. अन्यायकारक बडतर्फीचा अर्ज फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीचे वाद ऐकणारी सरकारी संस्था) २१ दिवसांत जावा लागतो. तुम्ही त्यात बसता की नाही, हे आजच युनियनला किंवा वकिलाला विचारा.

घटस्फोट होऊन नऊ महिने झाले. ब्रिस्बेनचं घर अजून दोघांच्या नावावर आहे. मित्र म्हणतात, घाई कसली? घर अर्धं अर्धं, असं व्हॉट्सॲपवर ठरलंय.

घाई आहे, आणि बरीच आहे. इथला घटस्फोट फक्त लग्न संपवतो. घर, कर्ज, सुपर (निवृत्तीसाठीचा निधी) यांना हात लावत नाही. तो अंमलात आला की १२ महिन्यांचं घड्याळ सुरू होतं. त्यानंतर वाटणीचा अर्ज करायचा तर आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. 'स्वस्तात घटस्फोट' अशा जाहिराती देणारे फॉर्म भरून मोकळे होतात, हे सांगत नाहीत. याची मला चीड येते. परवा एक बाई आल्या. घटस्फोटाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. तारीख पाहिली, तर चौदा महिने उलटून गेलेले. पिशवी तेवढी जपली होती.

व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर विसंबू नका. सहमती असेल तर कोर्टाकडून कन्सेंट ऑर्डर, म्हणजे सहमतीचा हुकूम, घ्या, किंवा दोघांनी वेगवेगळ्या वकिलांचा सल्ला घेऊन बंधनकारक करार करा. आणि आजच घराचं टायटल, म्हणजे मालकीची नोंद, काढून पाहा. त्यावर 'जॉइंट टेनंट्स' (भाडेकरू नव्हे, संयुक्त मालक) असेल, तर उद्या तुमचं बरंवाईट झाल्यास तुमचा हिस्सा थेट पूर्वीच्या जोडीदाराकडे जाईल. मृत्युपत्रात आईचं नाव लिहिलेलं असलं तरी. ही मालकी वेगळी करता येते, पण हयातीत. तीन महिने उरलेत. याच आठवड्यात कौटुंबिक कायद्याचा वकील गाठा.

लग्न पुण्यात हिंदू पद्धतीने झालं. मी माहेरी असताना नवऱ्याने सिडनीत घटस्फोट घेतला. मी हजर नव्हते, संमतीही दिली नाही. तो भारतात मान्य होईल का?

धरून चालू नका. ऑस्ट्रेलियात १२ महिने वेगळं राहणं पुरतं, दोष दाखवावा लागत नाही. हिंदू विवाह कायद्यात असं कारण नाही. लग्न ज्या कायद्याने झालं त्यातलं कारण नसेल आणि दुसरा पक्ष राजीखुशीने सामील नसेल, तर परदेशी हुकूम सहसा मानायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह राव खटल्यात १९९१ मध्येच सांगितलं. 'तिकडचा कागद इकडे चालतो' ही ऐकीव गोष्ट आहे. दुसऱ्या लग्नाची बोलणी लावण्याआधी पुण्यातल्या वकिलाला हुकूमाची प्रत दाखवा.