बँडवाल्यांनी चालवलेलं लेबल टिकतं का?

प्रश्न: आमचा चार जणांचा बँड आहे, गाणी तयार आहेत पण कुठलीच कंपनी घेत नाही. आपणच लेबल, म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्ड काढून विकणारी कंपनी, काढावं का? असं कोणी पूर्वी केलंय का आणि ते टिकलं का?

उत्तर: केलंय आणि मस्त टिकलंय! वॉशिंग्टन डीसीचं डिसकॉर्ड रेकॉर्ड्स बघा. १९८० मध्ये टीन आयडल्स नावाचा पोरांचा पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँड फुटला, तेव्हा कार्यक्रमांचे साठलेले साधारण ६०० डॉलर त्यांच्याकडे होते, ते चौघांत वाटून संपवण्याऐवजी त्यांनी हे लेबल सुरू करून आपल्याच गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली, फक्त १००० प्रती, आणि कव्हरं कशी करायची माहीत नव्हतं म्हणून एक तयार कव्हर उलगडून त्याचा आकार काढला आणि बाकीची हातानं कापून, घड्या घालून चिकटवली. मला हा भाग फार आवडतो. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन त्याच बँडमधले, पुढे लेबल त्यांनीच सांभाळलं.

त्यांचे नियम दोनच, पण पक्के. बँड फक्त आपल्या शहरातले घ्यायचे, आणि लेखी करार नाही, खर्च निघाला की नफा वाटून घ्यायचा. एका रेकॉर्डचे पैसे पुढच्या रेकॉर्डला लावत लावत मायनर थ्रेट, मग फुगाझी असे बँड जगभर पोचले.

तर काढा लेबल, पण पहिल्यांदा प्रती कमीच काढा आणि पैशाचं चौघांत आधीच स्पष्ट बोलून घ्या, कारण करार नसला तरी हिशेब चोख लागतोच.