वकिली, आमदारकी आणि महाधिवक्तापद

प्रश्न : मी सहा वर्षांपासून नाशिक जिल्हा न्यायालयात दिवाणी व महसुली दावे चालवते. अमेरिकेत वकील निवडणूक लढवून राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल होतो, असे वाचले. आपल्याकडे असा मार्ग आहे का? आमदारकीचा विचार केल्यास वकिली सोडावी लागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अमेरिकेच्या ५० पैकी ४३ राज्यांत हे पद थेट मतदार भरतात आणि तेथून पुढे चढत जाणे नवलाचे मानले जात नाही, बिल क्लिंटन १९७७ मध्ये आर्कान्सा राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले व १९७९ मध्ये त्याच राज्याचे गव्हर्नर. आपल्या घटनेने मात्र निवडून येणे आणि सरकारचे कायदेशीर काम पाहणे ही दोन्ही कामे वेगळी ठेवली आहेत. अनुच्छेद १६५ नुसार महाधिवक्त्याची, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याची, नेमणूक राज्यपाल करतात. त्यासाठी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होण्याची पात्रता लागते, लोकांची मते नव्हेत. महाधिवक्ता विधिमंडळात बोलू शकतात, पण मतदान करू शकत नाहीत. त्यामुळे निवडून येऊन कायद्याचे खाते सांभाळायचे असेल, तर आमदारकी आणि पुढे विधी व न्याय मंत्रिपद, एवढीच वाट उरते.

वकिली सोडण्याची गरज नाही. आमदार-खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, म्हणून पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करण्यास मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम ४९ त्यांना लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

वकिलीतून ओळखी होतात हे खरे, पण त्या ओळखी म्हणजे मते असे धरून चालू नये, असे आमचे मत आहे. सातबारा आणि वाटणीच्या दाव्यांत एक भाऊ आपला अशील असतो, तर दुसरा मतदार! म्हणूनच खालून सुरुवात केलेली बरी. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतलेले विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच होते; पंचायत समिती व जिल्हा परिषदेतून ते १९८० मध्ये विधानसभेत पोहोचले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. विधानसभेसाठी २५ वर्षे वय लागते, महापालिका किंवा जिल्हा परिषदेसाठी २१ पुरेसे आहे, आणि या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने आपल्या प्रभागाच्या किंवा गटाच्या आरक्षण सोडतीकडे लक्ष ठेवावे.

आपण सरकारी वकिलांच्या पॅनेलवर असाल, तर अनुच्छेद १९१ मधील लाभाच्या पदाचा, म्हणजे आमदारकीसाठी अपात्र ठरवणाऱ्या सरकारी पदाचा, प्रश्न उभा राहतो. राजस्थानातील कांता कथुरिया यांची आमदारकी विशेष सरकारी वकील म्हणून झालेल्या एका नेमणुकीमुळे उच्च न्यायालयाने रद्द केली होती; १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती वाचवली खरी, पण तेवढा खटला लढण्याची हौस कोणाला? अशी नेमणूक असल्यास उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वीच राजीनामा द्यावा आणि तो स्वीकारल्याचे लेखी पत्र हाती घ्यावे.