इन्क्युबेटर घरचाच, पण पिल्लं कवचातच का मरतात?

थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून (हाच घरचा इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी) कोंबडीची अंडी ठेवली, पिल्लं पूर्ण तयार झाली पण बाहेरच आली नाहीत, असं बऱ्याच शेतकरी बंधू-भगिनींनी विचारलंय, आणि काहींना खोका बनवायचा कसा तेच पाहिजे. दोन्हीचं उत्तर एकत्रच देतो, कारण खोका सहसा ठीकच असतो, घोळ असतो तो थर्मामीटर कुठं लावलाय त्यात आणि 21 दिवसांतल्या शेवटच्या तीन दिवसांत.

खोका जाड थर्माकोलचा, झाकण घट्ट बसणारं, झाकणात छोटी काच बसवा म्हणजे सारखं उघडून बघायचा मोह होणार नाही. बल्ब जुना तारेचाच पाहिजे, एलईडी उजेड देतो पण पुरेशी ऊब देत नाही. एक मोठा लावण्यापेक्षा 40 वॅटचे दोन लावा, रात्री एक उडाला तरी अंडी एकदम गार पडत नाहीत. थर्माकोल वितळतो आणि पेटतोही, त्यामुळे बल्बमागे पत्र्याचा तुकडा, भोवती जाळी, आणि वायरिंग माहितगार माणसाकडूनच करून घ्या, इथं जुगाड नको. हवेसाठी खाली-वर पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोकं पाडा, अंड्यातला जीव श्वास घेतो हे बरेच जण विसरतात.

आता मुख्य मुद्दा. आत छोटा फॅन असेल (कॉम्प्युटरमधला चालतो) तर तापमान 37.5 अंश सेल्सिअस ठेवा. फॅन नसेल तर गरम हवा वर साठते, खोक्याच्या वर आणि तळाला वेगवेगळं तापमान दिसतं, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या पातळीला ठेवायचा आणि तिथं साधारण 38.5 पाहिजे. थर्मोस्टॅटचा (तापमान बघून बल्ब आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर पण तिथंच, बल्बला चिकटवून नाही. थर्मामीटर स्वस्तातला असेल तर ताप मोजायच्या थर्मामीटरबरोबर कोमट पाण्यात धरून एकदा ताडून बघा, एका अंशाचा फरक सुद्धा महागात पडतो. लाईट गेली तर घाबरू नका, खोका बंदच ठेवून गोधडी टाका, तास-दोन तास गर्भ थंडी सहन करतो, जास्तीची उष्णता मात्र लवकर मारते. अंडी घालायच्या आधी रिकामा खोका पूर्ण एक दिवस चालवून बघा.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुवायची नाहीत, तडा गेलेली बाजूला काढा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल करा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जिवंत आहे, काहीच नसेल तर फळलेलं नाही आणि लाल कडं दिसलं तर गर्भ मेलाय, ते अंडं काढून टाका, सडून फुटलं तर बाकीचीही जातील.

आर्द्रता पहिले 18 दिवस 50-55 टक्के. ती पाण्याच्या खोलीवर नाही तर पृष्ठभागावर ठरते, म्हणून पसरट ताट ठेवा. वजनकाटा असेल तर 18 दिवसांत अंडं साधारण 11 ते 13 टक्के हलकं झालं पाहिजे, तेवढं नाही झालं तर आत ओल जास्त आहे, पाणी कमी करा.

18व्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद, अजून एक ताट ठेवून आर्द्रता 65-70 करा आणि झाकण उघडू नका. इथंच लोक फसतात. पिल्लू चोचीनं छोटा तडा पाडतं आणि मग कितीतरी तास गप्प पडून राहतं, आपल्याला वाटतं अडकलं. ते अडकलेलं नसतं, आतला बलक पोटात ओढून घेत असतं आणि शिरांमधलं रक्त आटत असतं, त्यावेळी नखानं कवच सोललं की रक्त येतं. वर प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर ओलावा उडून आतलं पातळ आवरण वाळतं आणि पिल्लाला गुंडाळून टाकतं. पूर्ण वाढून कवचात मेलेली पिल्लं बऱ्याचदा याच्यामुळेच असतात.

निघालेली पिल्लं सुकून फुलेपर्यंत आतच राहू द्या, पोटात बलक असतो, एक दिवस खाणं-पाणी नसलं तरी चालतं, मग 35 अंशांच्या आसपास ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेत) हलवा.

तारखा लिहून ठेवा. 19-20व्या दिवशीच निघायला लागली आणि बेंबी ओली दिसली तर उष्णता जास्त होती, 22-23वर गेली तर कमी, पुढच्या खेपेला अर्ध्या अंशानं सेटिंग बदलून बघा.