भाड्याचं घर आणि चार्जिंगची गाडी

प्रश्न: नमस्कार दादा, मी जळगावला महाबळमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालक काका-काकू. रोजचं भुसावळ अपडाऊन आहे म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. काकांना म्हटलं पार्किंगमध्ये एक प्लग पॉइंट काढू द्या, खर्च माझा, तर म्हणे बिल डबल येईल, मीटर जळेल, आणि तू उद्या घर सोडून गेला तर त्या पॉइंटचं मी काय करू. मेन मीटर एकच आहे, मला सब मीटर दिलंय. कायद्याने ते नाही म्हणू शकतात का?

उत्तर: म्हणू शकतात भाऊ. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्यात चालू असलेली लाइट, पाणी मालकाला तोडता येत नाही हे स्पष्ट आहे, पण नवा पॉइंट काढून द्यायलाच पाहिजे असं कुठे नाही. त्याच कायद्यात एक गंमत आहे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करायला लावता येतं, पण पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही त्याची यादी दिलीय, त्यात किचनचा ओटा आहे, फॉल्स सीलिंग आहे, एसीसुद्धा आहे. चार्जर नाही, कारण तेव्हा तो कोणाच्या डोक्यातच नव्हता. आणि तसंही तुम्ही बहुतेक ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असणार, तिथे करारात काय लिहिलंय तेच चालतं. म्हणून कायदा दाखवायला जाऊ नका, काका आणखी चिडतील.

त्यापेक्षा ते म्हणतात त्यात खरं किती ते बघा ना. मीटर जळायची भीती फुकटची आहे, स्कूटरसोबत येणारा चार्जर साधारण ६५० ते ९०० वॅटचा असतो, म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी आणि बाथरूमच्या गिझरच्या निम्म्याहून कमी, फरक इतकाच की इस्त्री दहा मिनिटं चालते आणि हा चार-पाच तास, त्यामुळे जुना ढिला सॉकेट चालणार नाही, नवाच बसवा.

बिल डबल नाही, पण वाढेल, हे मात्र काका बरोबर बोलताय. भुसावळ जाऊन येऊन ५० किलोमीटर धरा, रोजचे दोन युनिट, महिन्याचे पन्नासच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण महावितरणचे स्लॅब १०० पर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० असे चढत जातात आणि १०० च्या वरच्या युनिटचा दर पहिल्या स्लॅबच्या दुपटीच्या आसपास जातो. सगळ्या युनिटला वरचा दर लागतो असं बरेच जण समजतात, तसं नाही, वरच्या युनिटलाच लागतो. पण एकाच मीटरवर दोन घरं, त्यात उन्हाळ्यात दोन्हीकडे रात्रभर कूलर, म्हटल्यावर तुमच्या स्कूटरचे युनिट कायम वरच्याच स्लॅबमध्ये पडणार, आणि तुम्ही जर सरासरी दराने किंवा "युनिटला इतके रुपये" असं ठरवून पैसे देत असाल तर फरक काकांच्या खिशातून जातो. काकांना हे आकड्यात मांडता येत नसेल पण कळतंय नक्की.

म्हणून पार्किंगच्या पॉइंटची वायर काकांच्या बोर्डातून घेऊच नका, तुमच्या सब मीटरच्या पुढून घ्या आणि खाली आणा. म्हणजे स्कूटरचं युनिट तुमच्याच मीटरवर पडेल. आणि दर मेन बिलावर जो सगळ्यात वरचा स्लॅब लागलाय त्याने द्या, स्वतःहून. तरी पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त पडतं हो. मग ११ महिन्यांनी करार रिन्यू होईल तेव्हा दोन ओळी टाकून घ्या, काहीशा अशा: "भाडेकरूने स्वखर्चाने पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवला असून तो त्याच्या सब मीटरवर आहे, घर सोडताना पॉइंट व वायरिंग मालकाकडे राहील, त्याचा मोबदला मागितला जाणार नाही." हजार-दीड हजाराची वायर सोडून जायला काय जातं? पुढचा भाडेकरूही स्कूटरवालाच येईल, हे काकूंना आधी सांगा, काकांना त्या सांगतील.

प्रश्न: धुळ्याला देवपूरमध्ये आमचं घर आहे, खालचा मजला बँकेतल्या एका साहेबांना दिलाय. त्यांनी इलेक्ट्रिक कार बुक केली, कंपनीची माणसं येऊन भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवतील म्हणताय. कमर्शियल मीटर घ्यावं लागेल का? काही झालं तर जबाबदारी कोणाची?

उत्तर: ताई, कमर्शियल नाही लागत. घरात राहणारा स्वतःची गाडी चार्ज करतोय, तर घरगुती दरच लागतो. पैसे घेऊन गल्लीतल्या गाड्या चार्ज करू लागले तर गोष्ट वेगळी.

तुम्ही आधी बिल काढा आणि त्यावर मंजूर भार बघा, म्हणजे तुमच्या कनेक्शनला किती लोड घ्यायची परवानगी आहे ते. जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच मंजूर असतो आणि ही एकटी कार सात मागतेय, मग भार वाढवायचा अर्ज करावा लागेल, तो ग्राहक म्हणून तुमच्या नावाने जाईल, खर्च साहेबांकडून घ्या. पण माझं ऐकाल तर त्यांना विचारा की सातची गरज आहे का. गाडीसोबत १५ अँपिअरच्या प्लगवर चालणारा चार्जर मिळतो, तो तीन-सव्वातीन किलोवॅट घेतो, रात्री दहाला लावला तर सकाळी सहापर्यंत दीडशे किलोमीटरचं चार्जिंग होऊन जातं. धुळ्यात बँक ते घर करायला अजून काय पाहिजे? रोज नाशिक करणार असतील तर गोष्ट वेगळी.

कोणताही बसवा, वायर थेट मीटरपासून वेगळी पाहिजे, १५ अँपिअरला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, मोठ्या चार्जरला ६ ची, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळायला लागला की लगेच लाइट तोडणारा स्विच). हॉलच्या बोर्डातून ओढून घेतलेली चालणार नाही.

आणि अर्थिंग. आपल्याकडे सगळं इथेच अडतं. मे महिन्यात जमीन वाळून भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो, मग गाडी प्लग लावल्या लावल्या "अर्थ फॉल्ट" दाखवते आणि चार्जिंग घेतच नाही. त्यावर काही वायरमनकडे रेडीमेड इलाज असतो, सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात, गाडी फसते आणि चार्ज व्हायला लागते, सगळे खूश. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पूर्ण बॉडीत करंट येईल, आणि दाराला हात लावणारं आधी घरातलं पोरगंच असतं. हे अजिबात करू देऊ नका. खड्ड्यात पाणी टाका, नाही जमलं तर नवीन अर्थिंग करून घ्या, आणि काम झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मीटर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा, दोन-तीनच्या वर दाखवत असेल तर पैसे देऊ नका. एवढं करून घेतलं तर जबाबदारी कोणाची विचारायची वेळ बहुतेक येणार नाही, तरी चार्जर त्यांचा, देखभाल त्यांची, वायरिंग तुमचं, हे लिहून घ्याच.

प्रश्न: चाळीसगावला दुसऱ्या मजल्यावर राहतो, मालक पॉइंट देत नाही. खिडकीतून एक्सटेन्शन सोडून खाली स्कूटर चार्ज केली तर चालेल का भो?

उत्तर: नाही भो. पाऊस, उंदीर, येणारे-जाणारे, आणि उरलेली वायर तुम्ही रिळावर गुंडाळूनच ठेवणार, ती चार तासांत हाताला चटका बसेल इतकी तापते. ऑफिसमध्ये किंवा दुकानात लावता येतं का बघा. बॅटरी काढता येत असेल तर वर न्या, पण दुपारच्या उन्हातून आल्या आल्या लावू नका, अर्धा-एक तास थंड होऊ द्या आणि दरवाज्याच्या वाटेत चार्जिंगला ठेवू नका. गाडी अजून घेतली नसेल तर काढता येणाऱ्या बॅटरीचीच घ्या, रेंज थोडी कमी मिळेल पण मालकाच्या पाया पडायचं काम नाही.