संगणक सल्ला: पिवळ्या त्रिकोणामागचा नंबर

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चौथीच्या मुलांना परिसर अभ्यासाचे व्हिडिओ दाखवायला जुना लॅपटॉप घेतला, डेल लॅटिट्यूड ई ६४२०. विकणाऱ्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज १० नव्याने टाकून दिलं. वाय-फाय, आवाज, प्रोजेक्टर सगळं चालतं. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली चार पिवळे त्रिकोण दिसतात: अननोन डिव्हाइस, पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर, पीसीआय सिरियल पोर्ट आणि ब्रॉडकॉम यूएसएच. दुकानदार म्हणतो, ‘मशीन जुनं आहे, ड्रायव्हर मिळत नाहीत, दुसरं घ्या.’ भाच्याने एक ड्रायव्हर अपडेटर टाकला. तो तीसेक दोष दाखवतो आणि दुरुस्तीचे पैसे मागतो. सर, काय करू?
– एक शिक्षिका, तासगाव

उत्तर: मॅडम, दुसरं मशीन घेऊ नका. तो अपडेटर मात्र आजच काढून टाका. ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. असले अपडेटर चालू स्थितीतल्या ड्रायव्हरलाही ‘जुना’ ठरवतात, आणि त्यांच्या नादी लागून चांगला चाललेला आवाज किंवा टचपॅड बंद पडल्याची मशीनं माझ्याकडे नेहमी येतात. गोरगरिबांच्या शाळेतल्या वस्तूवर असा धंदा करणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे.

विंडोज ‘अननोन’ म्हणतं तेव्हा त्याला तो भाग दिसत नसतो असं नाही. भाग दिसतो, त्याचा नंबरही वाचता येतो, फक्त त्या नंबरचा ड्रायव्हर त्याच्याजवळ नसतो. तो नंबर तुम्हालाही वाचता येईल. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्रिकोणवाल्या नावावर दोनदा क्लिक करा. पहिल्याच पानावर बहुधा ‘कोड २८’ लिहिलेलं असेल, म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. आता ‘डिटेल्स’ या टॅबवर जा आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तीन-चार लांबलचक ओळी दिसतील. वरच्या ओळीवर राइट क्लिक करून ती कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. चारही भागांचं असंच करा.

ओळीच्या सुरुवातीला पीसीआय असेल तर पुढे व्हीईएन आणि चार अंक-अक्षरं येतात. तो बनवणाऱ्या कंपनीचा नंबर. एमएच १० पाहिलं की गाडी सांगलीची हे आपल्याला विचारावं लागत नाही, तसंच ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी एथेरॉस, १००२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया. त्यापुढे डीईव्ही आणि आणखी चार, तो त्या चिपचा स्वतःचा नंबर. त्याच्याही पुढे सबसिस्टिमचे आठ असतात, त्यातले शेवटचे चार बघा. १०२८ असेल तर डेल, १०३सी एचपी, १७एए लेनोव्हो. सेकंडहँड मशीनमध्ये कुणी दुसऱ्याच कंपनीचं कार्ड बसवलंय का, हे तिथे कळतं.

आता तुमचे चार. सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलरचा नंबर तुमच्या मॉडेलमध्ये व्हीईएन ८०८६, डीईव्ही १सी३ए निघेल. हे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे मशीनची देखभाल करायला चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) ठेवलेली सोय. ‘सिरियल पोर्ट’ म्हणून जे दिसतं ते १सी३डी. लॅपटॉपच्या कडेला तसला पोर्ट शोधत बसू नका. कंपन्यांच्या आयटी विभागाला दुरून मशीन सांभाळता यावं म्हणून तो चिपसेटमध्येच ठेवलेला असतो. लॅटिट्यूड ही ऑफिसांसाठी काढलेली मालिका, तिथली वापरून झालेली मशीनं आपल्यापर्यंत येतात, त्यामुळे असे भाग त्यांच्यात असायचेच. दोघांनाही डेलचं एकच पॅकेज पुरतं, नाव ‘इंटेल मॅनेजमेंट इंजिन’.

ब्रॉडकॉम यूएसएचची ओळ यूएसबीने सुरू होईल. तिथे व्हीईएनऐवजी व्हीआयडी आणि डीईव्हीऐवजी पीआयडी असतं. व्हीआयडी ०ए५सी म्हणजे ब्रॉडकॉमच. पीआयडी ५८०० असेल तर नुसती सुरक्षेची चिप आहे, ५८०१ असेल तर बोट ओढून ठसा घेणारा सेन्सरही आहे. याचं पॅकेज डेलकडे ‘कंट्रोलव्हॉल्ट’ नावाने मिळतं. ठशाने लॉगिन करायचं नसेल तर याच्यावाचून तुमचं काहीही अडत नाही.

राहिला अननोन डिव्हाइस. या मशीनवर बहुतेक वेळा तिथे एसीपीआय आणि पुढे एसएमओ ८८०० असं सापडतं. कंपनीचं नाव नाही, चिपचं नाव नाही, त्यामुळे लोक इथेच हात टेकतात. हा आहे लॅपटॉप पडतोय हे ओळखणारा सेन्सर. मशीन हातातून निसटलं की तो क्षणार्धात हार्ड डिस्कला इशारा देतो, डिस्क आपली वाचणारी डोकी फिरत्या तबकड्यांवरून बाजूला घेते आणि आपटल्यावर ओरखडा पडत नाही. फार हुशारीची सोय होती ती. पण तुमच्या मशीनमध्ये आता एसएसडी आहे. तिच्यात तबकडी नाही, फिरणारं काहीच नाही. म्हणजे ज्या भागाने तुमची झोप उडवली, त्याला आता कामच उरलेलं नाही. त्रिकोण डोळ्यांना खुपत असेल तर डेलचं ‘फ्री फॉल डेटा प्रोटेक्शन’ टाका, तो जाईल. नाही टाकलंत तरी व्हिडिओ तितकेच छान चालतील.

ड्रायव्हर घ्यायचा तो डेलच्याच सपोर्टच्या पानावरून. लॅपटॉपच्या पोटाखाली सात अंक-अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. स्टिकर झिजला असेल तर सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ टाइप करून उघडा, मॉडेलचं नाव तरी तिथे नक्की दिसेल. यादीत विंडोज १० चं नाव नसेल तर विंडोज ८ किंवा ७ चा ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या, या वयाच्या मशीनवर तो बहुधा चालतो. तुमचं विंडोज ६४ बिटचं आहे ना, एवढं मात्र आधी बघा. ३२ चा ड्रायव्हर ६४ वर चालत नाही.

टाकण्याआधी एक खात्री करून घ्यायची सवय लावा. पॅकेज उघडलं की त्यातल्या फोल्डरमध्ये आयएनएफ प्रकारची फाइल असते. ती साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा आणि आपला नंबर शोधा, उदाहरणार्थ १सी३ए. सापडला तर ड्रायव्हर तुमच्याच भागाचा. नाही सापडला तर पानावर काहीही लिहिलेलं असो, तो टाकण्यात अर्थ नाही. विंडोजही नेमकं हेच करतं, आयएनएफमध्ये नंबर जुळतो का बघतं. सेटअप अडून बसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागावर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, आणि ते फोल्डर दाखवा.

डेलकडे नाहीच मिळालं तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर जा आणि नंबर डीईव्हीच्या चार अक्षरांपर्यंतच चिकटवा. तिथे कॅब फाइल (झिपसारखं बांधलेलं गाठोडं) मिळते, ती सेव्हन-झिपने उघडून वरच्यासारखंच फोल्डर दाखवायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायलाच हवी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आता नेहमीसारख्या येत नाहीत, आणि तुमच्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वर्गात व्हिडिओ दाखवायला हरकत नाही, पण बँकेचे व्यवहार या लॅपटॉपवर करू नका.

प्रश्न: २००९ च्या सुमाराचा एचपी लॅपटॉप आहे. त्यावर उबुंटू टाकलं, पण वाय-फाय येतच नाही. लिनक्समध्ये डिव्हाइस मॅनेजर नसतो, मग कार्ड कोणतं हे कसं शोधू?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर: लिनक्समध्ये हे काम उलट सोपं आहे. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही आज्ञा छोट्या इंग्रजी अक्षरांत लिही, एक जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला लागून एनएन. ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या ओळीत चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन नंबर दिसतील, आधी कंपनीचा, मग चिपचा. मार्टिन मारेश या चेक प्रोग्रामरच्या पुढाकाराने वाढलेल्या पीसीआय नंबरांच्या यादीतून ही आज्ञा नावं वाचते. जगभरच्या लोकांनी आपापल्या मशीनवरचे नंबर कळवून ती यादी भरली आहे. विंडोजवाल्यांनीही नंबर ओळखायला तीच वापरावी.

त्या काळच्या एचपीत १४ई४:४३१५ बऱ्याचदा निघतं. ते ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१२. उबुंटू याचा ड्रायव्हर आपणहून टाकत नाही, ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन निवडावा लागतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागतं, जे वाय-फायशिवाय तुझ्याकडे नाही. अ‍ॅन्ड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोड आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. वेगळा ड्रायव्हर न टाकता नेट येतं. केबल नुसती चार्जिंगची नको, तिच्यातून डेटा जात नाही.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात जुना लॅपटॉप फॉरमॅट करायचा आहे. ड्रायव्हर हरवू नयेत म्हणून आधी काय करावं?
– निवृत्त तलाठी, परांडा

उत्तर: सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, आणि त्यात फाइलरिपॉझिटरी नावाचं फोल्डर आहे. ते सगळंच्या सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. नंतर कुठे त्रिकोण आला तर ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’मध्ये हेच फोल्डर दाखवा आणि ‘सबफोल्डर्स’ची खूण चालू ठेवा. मात्र फॉरमॅटनंतरही विंडोज त्याच बिटचं टाकायला हवं. आणि फॉरमॅट न करता जुन्यावरच नवं विंडोज टाकलं गेलं असेल, तर सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ आहे का बघा. त्याच्यातही हे फोल्डर असतं, पण साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपोआप पुसतं, तेव्हा लगेच कॉपी करा.