निकाल 45 दिवसांत नाही लागला, तर कुणाला धरायचं?

तुमचा प्रश्न असा: बी.एस्सी.चा शेवटचा पेपर होऊन 70 दिवस झाले, निकाल नाही. अधिसभेचे (विद्यापीठाच्या सिनेटचे) सदस्य "विषय मांडतो" म्हणतात, कुलगुरू कार्यालय निवेदन ठेवून घेतं. मग दाद कुठे मागायची?

अधिसभेच्या मागे लागू नका. संभाजीनगरचं विद्यापीठ असो की नांदेडचं, लागू आहे तो 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. त्यात अधिसभेचं मुख्य काम अर्थसंकल्पाचं, आणि तिची बैठक वर्षातून किमान दोनदा एवढंच बंधन. निकाल हे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचं काम, आणि त्याचे अध्यक्ष खुद्द कुलगुरू.

कलम 89 नीट वाचा. निकाल 30 दिवसांत लावण्याचा प्रयत्न करायचा, काहीही झालं तरी 45 दिवसांच्या आत. तेही जमलं नाही तर उशिराच्या कारणांचा सविस्तर अहवाल कुलपती आणि राज्य शासनाला पाठवावा लागतो. हा अहवालच मागा. निवेदनाला कोणी उत्तर देईलच असं नाही, माहिती अधिकाराच्या अर्जाला द्यावं लागतं. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात "निकाल का लागला नाही?" असं विचारू नका, कारण 'का'ला माहिती म्हणत नाहीत असं सांगून अर्ज परत येतो. कागद मागा: कलम 89 खालील अहवालाची प्रत, तुमच्या विषयाची उत्तरपत्रिका तपासणी पूर्ण झाल्याची तारीख, आणि तुमच्या महाविद्यालयाने अंतर्गत व प्रात्यक्षिकाचे गुण भरल्याची तारीख. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

महाविद्यालयाने गुण भरल्याची ती तारीख फार महत्त्वाची. पुष्कळदा विद्यापीठाकडची तपासणी झालेली असते आणि गुण महाविद्यालयानेच भरलेले नसतात. तसं असेल तर प्राचार्यांना गाठा, काम आठवड्यात होईल. तपासणीच रखडली असेल तर दुखणं खोल आहे. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक किती दिवस तपासणी केंद्रावर बसणार? त्यात परीक्षा संचालकपदाचा कार्यभार प्रभारी माणसाकडे असला की वादाच्या फाइलवर सही होत नाही, ती फिरत राहते. प्रभारी राज हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, असं माझं ठाम मत आहे.

"मंडळाची बैठक झाली नाही" हे कारण मात्र ऐकून घेऊ नका. तातडीच्या बाबतीत कलम 12(7) खाली कुलगुरू स्वतः निर्णय घेऊन नंतर मंडळाला कळवू शकतात. निवेदनात हे कलम क्रमांकासह लिहा.