मुलुंडचे बिऱ्हाड मेलबर्नला हलवताना कस्टमचे कागद कसे करावेत?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: यजमान मेलबर्नला नोकरीवर रुजू झाले आहेत, तुम्ही मुलांना घेऊन दोन-अडीच महिन्यांत कायमच्या जाणार आहात, मुलुंडच्या घरातील बरेचसे सामान समुद्रमार्गे पाठवायचे आहे, आणि पॅकर्सवाल्याने पासपोर्टची प्रत व कोऱ्या फॉर्मवर सही मागून "कस्टमचे सगळे आम्ही बघतो, तुम्ही निश्चिंत राहा" असे सांगितले आहे. ही सही करावी का आणि स्वतः कोणते कागद तयार ठेवावेत, असे तुम्ही विचारले आहे.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कस्टमचे काम करणाऱ्या एजंटाच्या, म्हणजे कस्टम ब्रोकरच्या, नावे अधिकारपत्र द्यावे लागते, ते अवश्य द्या, कारण त्याशिवाय तो तुमच्या वतीने कस्टमपुढे उभाच राहू शकत नाही. परंतु अधिकारपत्र वेगळे आणि सामानाचे घोषणापत्र वेगळे. फोर्टमधल्या एका कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात मी बरीच वर्षे घरसामानाच्या खेपा हाताळल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की एजंट कितीही प्रामाणिक असला तरी तुमच्या माळ्यावरच्या पेटीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि जे ठाऊक नसते तिथे तो "जुने घरगुती सामान" असे लिहून मोकळा होतो. भारतीय सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 77 प्रमाणे सामानात काय आहे हे जाहीर करण्याची जबाबदारी सामानाच्या मालकाची आहे, आणि ऑस्ट्रेलियातही घोषणापत्रावरच्या चुकीच्या उत्तराचा जाब मालकालाच विचारला जातो.

म्हणून पॅकिंगची माणसे घरी येण्याआधी एक काम स्वतः करा, ते म्हणजे यादी. शिपिंग बिल (निर्यातीसाठी भारतीय कस्टमला द्यायचा कागद), बिल ऑफ लेडिंगवरचे (जहाज कंपनीच्या माल-पावतीवरचे) वर्णन, विम्याचा तक्ता आणि मेलबर्नचे घोषणापत्र हे सगळे कागद शेवटी याच यादीवरून तयार होतात. पॅकर्सवाल्यांच्या पद्धतीची यादी साधारण अशी असते: "खोका 14 – किचन, मिसलेनियस." हे वाचून कुठल्याही अधिकाऱ्याला काहीच कळत नाही, आणि ज्याला काही कळत नाही तो खोका उघडतो. तोच खोका असा लिहावा: "खोका 14 – स्टीलची पातेली 6, झाकण्या 6, प्रेशर कुकर 1, बिडाचा तवा 1, लाकडी पोळपाट 1, लाटणी 2, धातूचा शेवेचा साचा 1, सर्व वापरलेले, खरेदी सुमारे 2015 ते 2019." वस्तू कोणत्या पदार्थाची आहे, तिचा उपयोग काय, नग किती आणि ती किती जुनी, एवढे प्रत्येक ओळीत असले की पुरे. यादी इंग्रजीत करावी लागेल, तेव्हा सोऱ्या, पुरणयंत्र, रोवळी अशी नावे जशीच्या तशी न लिहिता वस्तूचे वर्णन लिहा. लाकूड, बांबू, वेत, चामडे, लोकर, पिसे यांपैकी काहीही असेल तर ते स्पष्ट लिहा. ते का, हे पुढे येईलच.

खोके शक्यतो पॅकर्सच्या माणसांकडूनच भरून घ्या, मात्र तुम्ही जवळ बसून हातातल्या यादीवर खोक्याचा क्रमांक टाकत जा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांवर ते "पी.बी.ओ.", म्हणजे मालकाने भरलेला, असा शेरा मारतात. अशा खोक्यांतील फूटतुटीची भरपाई विमा कंपन्या बहुधा देत नाहीत, आणि तपासणीतही तेच खोके आधी बाजूला काढले जातात.

किमतीबाबत एक मोह सर्रास होतो. कस्टमच्या यादीत फ्रिज तीन हजारांचा आणि विम्याच्या तक्त्यात तोच फ्रिज पस्तीस हजारांचा. हे दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये शेजारी-शेजारी लावलेले असतात, हे लोक विसरतात. वापरलेल्या वस्तूची आज मुंबईत जी किंमत येईल ती दोन्हीकडे सारखी लिहा. विमा नव्या किमतीने उतरवायचा असेल तर तक्त्यावर "बदली मूल्य" असे स्वतंत्र शीर्षक घालून घ्या, म्हणजे तफावत का आहे ते कागदच सांगेल.

आता ऑस्ट्रेलियाच्या नियमाचा गाभा. परदेशातून स्थलांतर करणाऱ्याचे स्वतःच्या मालकीचे आणि निघण्यापूर्वीचे पूर्ण 12 महिने स्वतः वापरलेले घरसामान तिथे सीमाशुल्क व कर न भरता सोडवता येते. त्याहून नव्या वस्तूंवर, म्हणजे बहुतेक घरगुती जिनसांवर, 5 टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क आणि शिवाय 10 टक्के जीएसटी लागू शकतो, आणि तो जीएसटी मोजताना जहाजाचे भाडे व विमाही किमतीत धरतात. आपली माणसे नेमकी इथे अडकतात, कारण "तिकडे सगळे महाग" म्हणून निघण्याच्या आधी लोहार चाळीतून मिक्सर, भुलेश्वरहून तांब्या-पितळेची भांडी आणि दादरहून चादरी-पडद्यांचे गठ्ठे आणले जातात. नुकतेच लग्न झालेल्यांच्या सामानात तर रुखवताची भांडी वेष्टनासकट असतात. अशा वस्तू न्यायला हरकत नाही. पण त्यांचे खोके वेगळे करा, त्यांची यादी वेगळी ठेवा आणि पावत्या जोडा. जुन्या सामानात नवी वस्तू मिसळून पाठवली की एका मिक्सरपायी पूर्ण यादीविषयी शंका घेतली जाते. माझे मत विचाराल तर नवी भांडी घेऊच नका. त्यांचे भाडे आणि कर मिळून मेलबर्नमधल्याच किमतीच्या आसपास हिशेब येतो.

नावाची बाब क्षुल्लक वाटते, पण निम्मा मनस्ताप तिच्यातूनच होतो. सामान एकाच व्यक्तीच्या नावे पाठवावे, आणि यादी, अधिकारपत्र, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, विमा व ऑस्ट्रेलियाचे घोषणापत्र या सहाही ठिकाणी ते नाव पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने असावे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते, आडनाव वेगळ्या रकान्यात असते, आणि लग्नानंतर पासपोर्ट बदललेला नसेल तर त्यावर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, असाही प्रकार असतो. तसे असेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत फाइलमध्ये ठेवा. तुमच्या बाबतीत सामान यजमानांच्या नावे पाठवणे मला सोयीचे वाटते, कारण जहाज लागेल तेव्हा ते तिथे हजर असतील. भारतीय नियमांप्रमाणे प्रवाशाचे वैयक्तिक सामान त्याच्या प्रस्थानाच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत वेगळे पाठवता येते, तेव्हा यजमान आधी गेले म्हणून काही बिघडत नाही. फक्त त्यांच्या मूळ सहीचे अधिकारपत्र, आणि ते भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का असलेल्या पासपोर्टच्या पानाची प्रत मागवून घ्या.

मुंबईकडची बाजू त्या मानाने सरळ आहे. पासपोर्टच्या व व्हिसाच्या प्रती, तिकीट, नोकरीचे पत्र, पॅन व आधार, अधिकारपत्र आणि यादी एवढ्यावर एजंट काम सुरू करतो. घरगुती सामान व्यापारी माल नसल्याने आयात-निर्यात कोड काढण्याची गरज नाही. सामान टेम्पोतून उरण-पनवेल पट्ट्यातील एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनला (माल कंटेनरमध्ये भरण्याच्या गोदामाला) जाते, तिथे कस्टमची तपासणी होते आणि मग कंटेनर न्हावा शेवाच्या बंदरात जातो. एजंटाचे नाव व परवाना क्रमांक लेखी मागा, कारण पॅकर्सवाला आणि परवानाधारक कस्टम ब्रोकर हे बहुधा दोन वेगळे पक्ष असतात आणि तुमचे अधिकारपत्र कस्टम ब्रोकरच्या नावे असायला हवे.

अडचण येते ती जुन्या आणि देवघरातल्या वस्तूंची. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 प्रमाणे 100 वर्षे वा त्याहून जुनी मूर्ती, धातूकाम किंवा कलावस्तू, आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाची 75 वर्षांहून जुनी हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजेसासूबाईंची समई खरोखर किती जुनी आहे हे घरात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा जुन्या दिसणाऱ्या मूर्ती, समया व हस्तलिखित पोथ्या यांची मोजमापांसह छायाचित्रे काढून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून "पुरावशेष नाही" असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. या कामाला आधीच वेळ द्या, कारण पॅकिंगच्या आठवड्यात ते होत नाही. मोरपीस, मृगाजिन, हस्तिदंताची डबी आणि गंध उगाळायचे चंदनाचे खोड या वस्तू सरळ नातेवाइकांकडे ठेवा. शिसवी फर्निचरही जपून. त्या जातीची बहुतेक सर्व झाडे 2017 पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने जड कपाट किंवा पलंग असेल तर वेगळे प्रमाणपत्र लागते. सागवानाला ही अट नाही.

मेलबर्नला पोचल्यावर भरायचा मुख्य कागद म्हणजे बी 534, सोबत न आणलेल्या वैयक्तिक सामानाचे घोषणापत्र. त्यात कस्टमचे आणि जैवसुरक्षेचे (बाहेरची कीड व रोग देशात येऊ नयेत यासाठीचे) असे दोन्ही प्रश्न असतात: तुम्ही कधी आलात, सामान किती काळ वापरले, कुणी भरले, त्यात अन्न, बिया, लाकूड, प्राणिजन्य वस्तू, औषधे, शस्त्रे आहेत का, इत्यादी. आपल्या लोकांचे सामान शुल्कावरून क्वचित अडते; अडते ते जैवसुरक्षेवरून. आपल्याकडच्या गोदामांत धान्याला लागणारा खापरा भुंगेरा ऑस्ट्रेलियाला अतिशय धोक्याचा वाटतो, आणि 2020 पासून तांदूळ, हरभरा, मूग, तूर, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या यांसारख्या वस्तू अशा सामानातून नेण्यास मनाई आहे. माझा सल्ला याहून कडक आहे: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणचे, काहीही खाण्याचे कंटेनरमध्ये घालू नका. डब्यांच्या तळाशी राहिलेले चार दाणेसुद्धा झटकून, डबे धुऊन, उन्हात वाळवून मगच भरा. सासूबाईंनी मायेने पिठाच्या डब्यात लपवलेली सुपारी आणि हळकुंडे तुमच्या घोषणापत्रावर नसतील, आणि "नाही" असे उत्तर दिलेल्या प्रश्नाचा पुरावा डब्यात सापडणे सगळ्यांत महागात पडते.

केरसुणी, सूप, बांबूच्या टोपल्या आणि गोवऱ्या इथेच सोडा. देव्हारा, पाट आणि तबला-ढोलकी नेता येतात. पण लाकडावर साल नसावी, किड्यांनी पाडलेली भोके व भुसा नसावा, आणि चामड्याला केस नसावेत. चपला-बुटांचे तळ, मुलांच्या सायकलींची चाके, कुंडीतले खुरपे आणि व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी यांत मातीचा कणही राहू देऊ नका. संशय आला तर ती वस्तू तुमच्या खर्चाने धुतली जाते, धुरी दिली जाते, परत पाठवली जाते किंवा नष्ट केली जाते, आणि तपासणीचे शुल्क वेळेच्या हिशेबाने लागते. काच वा देव्हाऱ्यासाठी लाकडी क्रेट केले तर त्यावर आय.पी.पी.सी.चा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का असलाच पाहिजे. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवल्याची किंवा धुरी दिल्याची ती खूण असते.

दागिने, मूळ कागदपत्रे, मुलांचे लसीकरणाचे दाखले आणि शाळेचे दाखले कंटेनरमध्ये घालू नका. दागिने अंगावर किंवा हातातल्या बॅगेतच न्या. पुढे भारतात परत आणताना प्रश्न येऊ नये म्हणून निघण्याच्या दिवशी विमानतळावरच कस्टमकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घेता येते. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद सोबत असू द्या आणि विमानतळावर लवकर पोचा.

आता पॅकर्सवाल्याला पुढचा फोन कराल तेव्हा कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी मागा: मेलबर्न बंदरातील हाताळणी, जैवसुरक्षा तपासणी आणि घरपोच पोचवणे हे भाड्यात धरले आहे की वेगळे, कंटेनर तुमचा एकट्याचा आहे की इतरांच्या सामानाबरोबरचा, आणि बंदरात विनाशुल्क किती दिवस मिळतात. सामायिक कंटेनर स्वस्त पडतो, मात्र त्यातील दुसऱ्याच्या खोक्यांसाठीही तुमचे सामान थांबू शकते. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा जहाज सुटण्याआधी ईमेलने मागवून नाव, पत्ता आणि खोक्यांची संख्या स्वतः तपासा. जहाज सुटल्यावर तेच दुरुस्त करायला पैसे मोजावे लागतात.